अनेक डोमेन, एक वेबसाइट: रीडायरेक्ट करताना गुगलमधली जागा कशी सांभाळावी

न्याहारी-निवास, हापूसच्या पेट्या, काजूगर, कोकम आगळ असं काही ना काही ऑनलाइन विकणारी घरं आता दापोली-गुहागरपासून देवगड-मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत गावोगाव आहेत. यातल्या बऱ्याच घरांकडे एकापेक्षा जास्त डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, साठलेली असतात. एक पुण्यातल्या भाच्याने घेऊन दिलेलं, एक वेबसाइट बनवणाऱ्याने पॅकेजमध्ये दिलेलं, एक आंब्याच्या सीझनला हौसेने घेतलेलं. आमच्या घरीही तेच होतं. निवास आणि बाग एकाच कुटुंबाची, पण डोमेन चार, आणि त्यातल्या दोन नावांवर दोन वेगवेगळ्या वेबसाइट. ते सगळं एका साइटवर आणताना जे शिकलो, ते नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय.

सुरुवात त्या प्रश्नापासून करतो, जो गावात मला हमखास विचारतात: "सगळी नावां एकाच साइटीर वळवली तर गुगलात आमी वर येतलंव मां?"

नुसती नावं वळवून नाही. रीडायरेक्ट म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणं, आणि त्यातून पुढे जातं ते त्या जुन्या पत्त्याकडे आधीपासून येणाऱ्या लिंकांचं वजन. कुणा प्रवासलेखकाने तुमच्या जुन्या साइटची लिंक दिली असेल, एखाद्या वर्तमानपत्राच्या साइटवर तुमच्या बागेबद्दल आलं असेल, तर ते श्रेय रीडायरेक्टने नव्या पत्त्याच्या खात्यात जमा होतं. पण कालच घेतलेल्या कोऱ्या डोमेनकडे ना लिंक असते ना वाचक. त्याच्याकडून पुढे जाण्यासारखं काहीच नसतं. डोमेनच्या नावात 'मालवण' किंवा 'होमस्टे' हा शब्द आहे म्हणून वर येण्याचे दिवस मागे पडले. निव्वळ नावाच्या जोरावर वर येणाऱ्या कमअस्सल साइट खाली ढकलणारा बदल गुगलने सप्टेंबर २०१२ मध्येच केला होता. तेव्हा 'दहा डोमेन घ्या, रँक वाढवून देतो' असं कुणी पॅकेज विकायला आलं तर पैसे राखा.

मग हा खटाटोप करायचा कशाला? दोन कारणांनी. एक, आजवर कमावलेलं हरवू नये. दोन साइटमध्ये विभागलेल्या लिंका, जुनी गिऱ्हाइकं, छापलेली कार्डं हे सगळं एका जागी यावं. दुसरं, चुकीचं स्पेलिंग टाकणारा माणूस रिकाम्या पानावर पोचू नये. हे दुसरं कारण आपल्याकडे फार खरं आहे. मालवण रोमन लिपीत 'व्ही' घालूनही लिहितात आणि 'डब्ल्यू' घालूनही. देवगडची तीन-चार स्पेलिंगं चालतात. हापूसमध्ये एक 'ए' की दोन, 'यू' की दोन 'ओ', यावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

हाताशी काय असू द्यावं

काम सुरू करण्याआधी हे गोळा करा. निम्मा वेळ यातच जातो.

- प्रत्येक डोमेनच्या रजिस्ट्रारकडचं लॉगिन, म्हणजे ज्या कंपनीकडून नाव घेतलं तिथलं खातं
- नोंदणीला दिलेला ईमेल आणि मोबाइल, दोन्ही चालू स्थितीत
- नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचं पॅन किंवा आधार, कारण ओळख पडताळणी मागितली जाऊ शकते
- होस्टिंगचं, म्हणजे वेबसाइटच्या फाइली जिथे ठेवल्या आहेत त्या सेवेचं, लॉगिन आणि जुन्या साइटचा संपूर्ण बॅकअप
- डीएनएस नोंदींचा, म्हणजे नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदींचा, स्क्रीनशॉट, प्रत्येक डोमेनचा वेगळा
- गुगल सर्च कन्सोलचं (गुगलला तुमची साइट कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्याच साधनाचं) खातं, शक्यतो घरातल्याच माणसाच्या ईमेलवर
- एक स्प्रेडशीट

१. नावं कुणाच्या मालकीची आहेत ते पाहा

सगळ्या डोमेनची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: कुठून घेतलं, कुणाच्या नावावर, मुदत कधी संपते, नूतनीकरणाचे पैसे कुठल्या कार्डातून जातात. 'कुणाच्या नावावर' हा रकाना भरताना बऱ्याच जणांना धक्का बसतो. वेबसाइट बनवून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच खात्यात घेतलेलं असतं. वर्षानुवर्षं पैसे तुम्ही भरता, पण कागदावर मालक तो. असं आढळलं तर भांडायला जाऊ नका, ईमेलवर लेखी मागणी करा: डोमेन माझ्या नावावर करा आणि ट्रान्सफरचा ऑथ कोड द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं तरी ईमेल पाठवाच, पुढे तोच कामाला येतो. डॉट कॉम नुकतंच घेतलेलं असेल तर साधारण पहिले ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, तेवढं थांबावं लागतं.

भाच्याच्या किंवा मुलाच्या जुन्या कॉलेजच्या ईमेलवर नोंदणी असेल तर तो ईमेल बंद होण्याआधी बदलून घ्या. मुदत संपल्याच्या सूचना तिथेच जातात.

२. कुठल्या नावाला किती किंमत आहे ते जोखा

सगळी नावं सारखी नसतात. माझ्या मते त्यांचे चार गट पडतात आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते.

पहिला गट, ज्यावर खरी वेबसाइट होती आणि बाहेरून लिंका आहेत. यावर सगळ्यात जास्त मेहनत घ्यायची. दुसरा, जे नाव पेट्यांवर, कार्डांवर, रिक्षामागच्या जाहिरातीवर छापलं गेलंय. लिंका नसतील, पण माणसं येतात. तिसरा, स्पेलिंगचे पर्याय. ते मुख्य पानावर वळवले की पुरे. चौथा गट कधीच न वापरलेल्या नावांचा. ती मुदत संपली की सोडून द्या, दरवर्षी त्यांचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

गट ठरवायला सर्च कन्सोलमधला लिंकांचा अहवाल पाहा. गुगलमध्ये 'साइट', मग कोलन, मग डोमेन असं रोमनमध्ये टाकून शोधलंत तर त्या नावाची कोणती पानं गुगलकडे नोंदलेली आहेत याचा अंदाज येतो.

इथे एक सापळा आहे. कुणी तुम्हाला 'जुनं, वजनदार' डोमेन विकत देऊ म्हणेल. आधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन त्या नावावर पूर्वी काय होतं ते बघा. जुगाराची किंवा बनावट औषधांची पानं दिसली तर दूर राहा. इतिहास स्वच्छ असला तरीही, दुसऱ्याच कुणाची मुदत संपलेली डोमेन केवळ रँकिंगसाठी उचलणं हा प्रकार गुगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या यादीत घातला आहे. तुमच्या धंद्याशी ज्याचा कधी संबंध नव्हता ते नाव आपल्या साइटला जोडू नका.

दुसऱ्या बागायतदाराच्या किंवा निवासाच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन घेऊन त्याची गिऱ्हाइकं वळवणं तर नकोच. डॉट इनच्या नावांवरून होणाऱ्या तंट्यांसाठी स्वतंत्र लवाद प्रक्रिया आहे आणि त्यात नाव हातचं जातं. गावात तोंड दाखवायचं असतं ते वेगळंच.

३. मुख्य नाव एकच निवडा

निवडताना तीन गोष्टी पाहतो. ज्याकडे सर्वांत जास्त लिंका, ज्याची छपाई सर्वांत जास्त, आणि जे फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता येतं. तिन्ही एकाच नावात मिळालं तर प्रश्न मिटला. नाही मिळालं तर मी लिंकांना आणि छपाईला कौल देईन, नाव थोडं अवघड असलं तरी.

निवड झाली की ती पक्की. 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' सहित की विना, हेही आत्ताच ठरवा. गुगलच्या दृष्टीने ते दोन वेगळे पत्ते आहेत.

देवनागरीतलं डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळतं. महामार्गावरच्या पाटीवर ते छान दिसतं आणि मराठी माणसाला पटकन वाचता येतं. पण मुख्य नाव म्हणून मी ते सुचवणार नाही, कारण त्यावरचा ईमेल पत्ता अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही. वळवायला मात्र उत्तम. एवढंच लक्षात ठेवा की आतून त्या नावाचं रोमन रूप वेगळं असतं, 'एक्स', 'एन' आणि दोन डॅशने सुरू होणारं. होस्टिंगच्या सेटिंगमध्ये देवनागरी नाव घेतलं नाही तर ते रूप टाकायचं.

४. मुहूर्त पावसाळ्याचा धरा

साइट हलवल्यावर गुगलला नवे पत्ते पुरते समजायला काही आठवडे जातात. त्या काळात जागा खाली-वर होते. म्हणून मार्च ते मे या आंब्याच्या दिवसांत, किंवा दिवाळी आणि नाताळच्या तोंडावर हे काम अजिबात काढू नका. जून-जुलै योग्य. मासेमारी बंद, तारकर्लीची जलक्रीडा बंद, खोल्या बऱ्याचशा रिकाम्या. वीज आणि नेटवर्क जात असतं हे खरं, पण सेटिंग बदलणं एका बैठकीचं काम आहे. गणपतीत चाकरमानी यायच्या आत सगळं स्थिरावलेलं असलं पाहिजे.

दोन जुन्या साइट एका साइटमध्ये आणायच्या असतील तर एकदम आणू नका. एक वळवा, ती स्थिर होऊ द्या, मग दुसरी. काही बिघडलं तर कशामुळे ते तरी कळतं.

५. पानाला पान जुळवा

अख्ख्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा, आणि लोक नेमका हाच टाळतात. सोपं म्हणून जुन्या साइटचा प्रत्येक पत्ता नव्या साइटच्या पहिल्या पानावर नेऊन सोडतात. विचार करा, कुणी 'पाच डझनची पेटी, दर आणि पोच' या पानाची लिंक दाबून आला आणि त्याच्यासमोर निवासाच्या खोल्यांचे फोटो आले. तो परत जाणार. गुगलही अशा वळवण्याला 'पान सापडलं नाही' असंच समजू शकतं, आणि मग त्या पानाच्या लिंकांचं वजन वाया जातं.

समजा तुमचं मुख्य नाव 'सड्यावरचंघर डॉट इन' आहे आणि आंब्याची जुनी साइट 'सड्यावरचाआंबा डॉट कॉम'. स्प्रेडशीटमध्ये दोन रकाने करा, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा:

सड्यावरचाआंबा डॉट कॉम/दर → सड्यावरचंघर डॉट इन/हापूस-दर
सड्यावरचाआंबा डॉट कॉम/अढी → सड्यावरचंघर डॉट इन/आंबा-कसा-पिकवावा
सड्यावरचाआंबा डॉट कॉम/संपर्क → सड्यावरचंघर डॉट इन/संपर्क
सड्यावरचाआंबा डॉट कॉम/अक्षय्यतृतीया-सवलत → काही नाही

दुसरी ओळ नीट बघा. अढी कशी लावावी, पेंढ्यात किती दिवस ठेवावा, डाग पडला तर काय करावं, असं सविस्तर लिहिलेलं पान जुन्या साइटवर असेल तर बाहेरच्या लिंका बहुतेक त्यालाच असतात, दराच्या पानाला नव्हे. ते लेखन नव्या साइटवर आधी आणा, मगच वळवा. मजकूर नसलेल्या पानावर रीडायरेक्ट नेऊन काही साधत नाही.

शेवटच्या ओळीतली सवलत केव्हाच संपली आणि तसं पान नव्या साइटवर नाही. ते कुठेही वळवू नका. 'पान सापडलं नाही' असंच येऊ द्या, त्यात वाईट काही नाही. फक्त त्या पानावर दर आणि संपर्काची लिंक ठेवा म्हणजे आलेला माणूस अडकत नाही.

जुन्या पानांची यादी कुठून आणायची? सर्च कन्सोलचा पानांचा अहवाल, साइटमॅप (साइटच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल), आणि होस्टिंगमधला भेटींचा लॉग. फोटोंचे पत्तेही घ्या, विशेषतः गुगलच्या चित्रशोधातून माणसं येत असतील तर.

६. प्रत्यक्ष वळवणं

रीडायरेक्टचा प्रकार ३०१ निवडा, म्हणजे कायमचा. ३०२ म्हणजे तात्पुरता. त्यात माणूस योग्य जागी पोचतो, पण गुगल जुनाच पत्ता निकालात धरून ठेवू शकतं. कायमच्या रीडायरेक्टमध्ये लिंकांचं वजन गळतं अशी एक जुनी समजूत आहे. तसं होत नाही हे गुगलने २०१६ मध्ये स्पष्ट केलं.

करण्याच्या वाटा तीन.

रजिस्ट्रारकडचं 'डोमेन फॉरवर्डिंग'. स्पेलिंगच्या पर्यायांना हे पुरतं. 'पर्मनंट' निवडा आणि 'मास्किंग' कटाक्षाने बंद ठेवा. मास्किंगमध्ये जुनं नाव वर दिसत राहतं आणि तुमची साइट एका चौकटीत उघडते. गुगलला तो रीडायरेक्ट दिसतच नाही आणि मोबाइलवर पान वाकडंतिकडं दिसतं.

होस्टिंगवरून. जुनं डोमेन होस्टिंगला जोडायचं आणि तिथे पानागणिक ३०१ चे नियम लिहायचे. अपाचे सर्व्हर असेल तर ते नियम 'एचटीअ‍ॅक्सेस' फाइलमध्ये जातात. पहिल्या गटातल्या डोमेनसाठी हीच वाट घ्या. सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर, डोमेन जोडताना ते 'पार्क' किंवा 'एलियस' म्हणून जोडून तिथेच थांबू नका. तसं केल्यास तीच साइट दोन्ही नावांवर जशीच्या तशी उघडते, वळत नाही. मग खरं पान कुठलं हे गुगल स्वतः ठरवतं, आणि ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही.

तिसरी, क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेवरचे रीडायरेक्ट नियम. बरीच डोमेन असतील तर सगळं एका जागी दिसतं, हा मोठा फायदा.

यात चार ठिकाणी लोक अडखळतात.

ईमेल. जुन्या डोमेनवर 'ऑर्डर' किंवा 'बुकिंग' अशा नावाने ईमेल चालू असेल आणि तुम्ही नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले, तर एमएक्स नोंदी, म्हणजे पत्रं कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या नोंदी, मागेच राहतात आणि पत्रं यायची बंद होतात. साइट नीट दिसत असते, म्हणून हे कळायला वेळ लागतो आणि तोवर चौकशी करणारे दुसरीकडे गेलेले असतात. सुरुवातीला घेतलेला डीएनएसचा स्क्रीनशॉट समोर ठेवा, एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी नव्या जागी जशाच्या तशा भरा, मगच नेमसर्व्हर बदला.

सुरक्षा प्रमाणपत्र. वळवून टाकायच्या डोमेनलाही एसएसएल लागतं. क्रोम २०२१ पासून टाइप केलेला पत्ता आधी एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, उघडून बघतो. कुणी जुनी एचटीटीपीएसची लिंक दाबली आणि त्या नावाचं प्रमाणपत्र नसेल, तर वळण्याआधीच लाल इशारा येतो. गिऱ्हाईक घाबरतं. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं फुकट मिळतात, ती आपोआप नवी होतात ना एवढं पाहा. रजिस्ट्रारच्या फॉरवर्डिंगमध्ये एचटीटीपीएस चालतं का, ते आधी विचारून घ्या. सगळीकडे चालत नाही.

सीनेम. डीएनएसमधली सीनेम नोंद म्हणजे रीडायरेक्ट नव्हे. ती फक्त सर्व्हरचा पत्ता सांगते. पुढे कुठे जायचं ते सर्व्हरनेच सांगावं लागतं.

साखळी. जुन्या नावावरून दुसऱ्या जुन्या नावावर, तिथून 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू'वर, तिथून मुख्य पत्त्यावर अशी रांग लावू नका. गुगलचा बॉट साधारण दहा टप्प्यांपर्यंत जातो, पण खाडीपलीकडच्या वाडीत एका काडीच्या नेटवर्कवर प्रत्येक टप्प्याला सेकंद जातात. जुना पत्ता थेट अखेरच्या पत्त्यावर न्या.

ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतात. म्हणून नियम आधी ३०२ ठेवून तपासा, सगळं बरोबर वळतंय हे दिसलं की ३०१ करा. नाहीतर नियम चुकला आणि दुरुस्त केला तरी तुमच्या फोनवर चुकीचाच रस्ता दिसत राहतो.

७. तपासा

प्रत्येक डोमेनची चार रूपं उघडून पाहा: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू'सह आणि विना. चारही एकाच पत्त्यावर, एका टप्प्यात पोचली पाहिजेत. मग स्प्रेडशीटमधले आतले पत्ते एकेक करून. ब्राउझरच्या खासगी खिडकीत पाहा, आणि घरच्या वायफायखेरीज मोबाइल डेटावरही, कारण डीएनएसची जुनी नोंद एखाद्या नेटवर्कवर काही तास रेंगाळू शकते. वळण ३०१ आहे की ३०२, हे दाखवणारी मोफत साधनं 'रीडायरेक्ट चेकर' या नावाने शोधलंत की मिळतील.

जुन्या पेटीवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करून बघायला विसरू नका. कोडमध्ये पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि पुढे काही अक्षरं असतील, तर ती वळल्यावरही टिकतात का ते पाहा.

८. गुगलला कळवा

सर्च कन्सोलमध्ये जुनं आणि नवं, दोन्ही डोमेन एकाच खात्यात पडताळून घ्या. डोमेन पातळीवरची पडताळणी डीएनएसमध्ये टीएक्सटी नोंद टाकून होते. ती नोंद नंतरही काढू नका.

पहिल्या गटातल्या डोमेनसाठी तिथलं 'पत्ता बदलला' हे साधन वापरा. ३०१ आधी चालू असावं लागतं, मगच ते अर्ज घेतं. ती सूचना १८० दिवस लागू राहते. स्पेलिंगच्या पर्यायांना याची गरज नाही, त्यांच्यावर साइट कधी नव्हतीच.

नव्या साइटचा साइटमॅप भरा. साइटच्या आतल्या लिंका आणि कॅनॉनिकल टॅग (खरं पान कुठलं ते गुगलला सांगणारी खूण) नव्या पत्त्याचे करा. जुना पत्ता आतच राहिला तर गुगलला उलटसुलट इशारे जातात. मग बाहेरची जागा एकेक करून: गुगल बिझनेस प्रोफाइल, इन्स्टाग्राम, बुकिंगच्या साइट, गावच्या पर्यटन संस्थेची यादी. ज्या लेखकांनी तुमची लिंक दिली आहे त्यांना दोन ओळींचं पत्र लिहून पत्ता बदलायची विनंती करा. बरेच जण करतात.

निवासवाल्यांसाठी यात बिझनेस प्रोफाइल पहिलं. 'तारकर्लीजवळ राहायची सोय' असं शोधणाऱ्याला आधी नकाशा दिसतो, आणि तिथे जुनं बंद पडलेलं डोमेन असेल तर बाकीची सगळी मेहनत त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

९. पुढची वर्षं

रीडायरेक्ट निदान एक वर्ष तरी ठेवा, जमेल तितकं जास्त, असं गुगलच सांगतं. माझा सल्ला त्याहून कडक आहे. लिंका असलेलं किंवा छापलं गेलेलं नाव सोडूच नका. डोमेनचा वर्षाचा खर्च पेटीभर आंब्यापेक्षा कमी असतो. ते सुटलं तर कुणीही घेऊ शकतं, आणि तुमच्या गिऱ्हाइकाच्या घरी पडलेल्या खोक्यावरचा क्यूआर कोड उद्या जुगाराचं पान उघडू शकतो.

ऑटो-रिन्यू चालू केलं म्हणून निर्धास्त राहू नका. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आहेत, त्यामुळे परदेशी रजिस्ट्रारकडची वसुली अडकू शकते. कार्डाची मुदत संपल्यानेही तेच होतं. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण घरातल्या दोघांच्या फोनमध्ये लावा, किंवा एकदम काही वर्षांचं नूतनीकरण करून टाका. डॉट कॉमची मुदत उलटली तर सवलतीचे काही दिवस मिळतात, त्यानंतर ३० दिवसांच्या काळात ते जबर दंड भरून सोडवता येतं, आणि मग ते बाजारात जातं. डॉट इनचे नियम याच दिवसांवर चालतील असं धरून चालू नका, रजिस्ट्रारकडून लेखी विचारून घ्या.

वर्षातून एकदा, मिरगाच्या सुमारास, स्प्रेडशीट उघडून सगळे पत्ते पुन्हा तपासा. होस्टिंग बदललं, साइटची थीम बदलली की 'एचटीअ‍ॅक्सेस' फाइल पुसली जाऊ शकते आणि रीडायरेक्ट गुपचूप बंद पडू शकतात. त्या फाइलची एक प्रत होस्टिंगबाहेर, स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवा.